फ्यूगला ‘फॉर्म’ म्हणणं सोडून द्यावं

स्वरलेख (धागाकर्ता):
बरोक संगीताच्या प्राथमिक टिपणांत फ्यूगला (एकच धून अनेक आवाजांत एकामागून एक गुंफणारी रचना) अल्लेमांद हा नृत्यप्रकार आणि दा कापो आरिया हा गाण्याचा प्रकार यांच्या पंगतीला बसवतात, म्हणजे ठरलेला साचा, ‘फॉर्म’, मानतात: एक्स्पोझिशन (पहिली मांडणी), मधला भाग, शेवट. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. अल्लेमांदचा साचा पक्का असतो. दोन भाग, दोन्ही पुन्हा वाजवायचे, पहिला बहुतेक वेळा डॉमिनंटवर (पाचव्या स्वरावर) थांबतो. दा कापोत अ-ब-अ, आणि परतलेल्या ‘अ’ला गायकाने अलंकार चढवायचे. फ्यूगमध्ये ठरलेली असते ती फक्त सुरुवात: एक आवाज (स्वतंत्र स्वरधारा) विषय, म्हणजे मुख्य धून, मांडतो, दुसरा पाचव्या स्वरावरून उत्तर देतो, आणि सगळे आवाज येईपर्यंत हे चालतं. पुढचं काहीच ठरलेलं नाही. बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या कीबोर्डसाठीच्या प्रील्यूड-फ्यूग संग्रहाचा पहिला भाग (1722) उघडा. सी मेजर फ्यूग 27 बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन), त्यात विषय 24 वेळा येतो. सातव्या बारपासूनच सोप्रानो आणि टेनर एका बीटच्या अंतराने एकमेकांवर चढतात. यात ‘मधला भाग’ कुठे दाखवणार?

खर्जातला:
तुम्ही टोकाचं उदाहरण निवडलंत. पुढचाच सी मायनर फ्यूग घ्या: तीन आवाज, 31 बार. विषय मधल्या आवाजात, तिसऱ्या बारला वरचा, सातव्याला खालचा. नवव्या-दहाव्या बारमध्ये एपिसोड (विषयाची पूर्ण फेरी नसलेला जोडभाग), अकराव्याला विषय ई-फ्लॅट मेजरमध्ये, पंधराव्याला जी मायनरमध्ये, विसाव्याला घरी परत. शेवटी बासमध्ये सी धरून त्यावर विषयाची अखेरची फेरी. ही तर विवाल्दीच्या कॉन्चेर्तोतल्या रितोर्नेलोचीच (वाद्यवृंदाच्या मधूनमधून परतणाऱ्या भागाची) चाल झाली. रितोर्नेलो किती वेळा परतावा याचाही नियम नाही, तरी त्याला आपण बिनदिक्कत फॉर्म म्हणतो. मग फ्यूगवरच हा अन्याय का?

तिसरी पट्टी:
वाद ऐकणाऱ्यांपुरता असता तर मी गप्प बसले असते. लिहायला शिकणाऱ्यांचं मात्र यात नुकसान होतं. आराखडा हातात दिला की विद्यार्थी विषय लिहितो, तीन प्रवेश लावतो आणि मग मोकळ्या जागा भरत बसतो. सगळं बिघडतं ते तिथेच. खरं काम पहिला बार पक्का करण्याआधीचं आहे. विषय स्वतःवरच एक, दोन, तीन बीट उशिरा, आठव्या, पाचव्या, चौथ्या स्वरावर ठेवून बघा. स्ट्रेटो (एका आवाजातला विषय संपण्याआधीच दुसऱ्यात तो सुरू होणं) कुठे जमतो ते आत्ताच कळतं, नंतर ओढूनताणून बसत नाही. प्रतिविषय (विषयाच्या जोडीला दुसऱ्या आवाजात चालणारी धून) विषयाच्या वर लिहिलात की लगेच खालीही लिहून तपासा. सप्तकात उलटवल्यावर पाचवा अंतराल चौथा होतो आणि बासवर तो खुपतो, म्हणून पाचव्याला आधीपासूनच विसंवादी समजून वागवायचं. खर्जातला यांनी सांगितलेल्या एपिसोडमध्येही नवा मालमसाला नाही: वर विषयाचं तोंड दोन आवाजांत आलटूनपालटून, खाली प्रतिविषयाची धावती उतरण.

खर्जातला:
यातलं सगळं मान्य. पण विषय पुन्हा कधी आणायचा, कोणत्या स्वरावर, हे स्ट्रेटो तपासून कळत नाही. त्याला आराखडाच लागतो. उत्तराचंच बघा. सी मायनर विषयाचा चौथा स्वर जी. नुसतं पाच स्वर वर सरकवलं तर तिथे डी येईल; बाख सी ठेवतो, कारण इतक्या लवकर मूळ स्वर सुटायला नको. हा विचार आख्ख्या रचनेचा आहे.

स्वरलेख:
हो, पण तो विचार त्या एका विषयातून निघालेला आहे. विषयाने जीवर झेप घेतली नसती तर हा प्रश्नच आला नसता. याच संग्रहात ई मायनर फ्यूग दोन आवाजांचा, सी-शार्प मायनर पाच आवाजांचा. दोघांना एकच नकाशा लावून दाखवा, मी धाग्याचं शीर्षक बदलतो.

तिसरी पट्टी:
नकाशा शिकवायचाच असेल तर सी मायनरचा शिकवा, पण लगोलग सी मेजरचं पान समोर ठेवा आणि प्रत्येक आवाजाचे प्रवेश वेगळ्या रंगाने खुणा करून मोजायला लावा.