लक्षद्वीप: ७१ वर्षांच्या बाबांसाठी वेगळा प्रवास विमा घ्यावा का?

घोडबंदर_रोड (ठाणे): जानेवारीत आईबाबांना घेऊन कोचीमार्गे अगत्ती बेटावर जायचंय. बाबांना मधुमेह आहे, शिवाय अँजिओप्लास्टी झालीय. दोघंही माझ्या ऑफिसच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत. तेवढं पुरेल का? मला स्कूबाही (हवेची टाकी लावून पाण्याखाली डायव्हिंग) करायचंय.

वाशी_सेक्टर१७: बेटावर उपचार सरकारी रुग्णालयातच होतात, तिथलं बिल ही चिंता नाही. खरा प्रश्न बाहेर पडण्याचा आहे. हृदयाचं काही गंभीर झालं तर कोची गाठावं लागतं, म्हणजे समुद्रावरून चारशेहून जास्त किलोमीटर. प्रशासनाचं हेलिकॉप्टर रुग्ण नेतं, पण तिथल्या डॉक्टरांनी रेफर केल्यावर आणि हवामान साथ देईल तेव्हाच.

म्हणून मेडिक्लेममध्ये आधी 'एअर अँब्युलन्स' आहे का बघा. मर्यादा किती? डॉक्टरांचं लेखी पत्र लागतं का? सरकारी हेलिकॉप्टरचा खर्च धरतात की फक्त परवानाधारक एअर अँब्युलन्सचा? उत्तर टीपीएकडून (विमा कंपनीतर्फे क्लेम हाताळणारी संस्था) ईमेलवरच घ्या, तोंडी आश्वासन क्लेमला उपयोगी नाही. वेगळी प्रवास पॉलिसी घेतलीत तर अँजिओप्लास्टी फॉर्मवर लिहाच. जुन्या आजारासाठी बऱ्याच पॉलिसी फक्त जीवघेण्या तातडीत पैसे देतात, आणि लपवलं तर तेही जातं.

ऐरोली_डायव्हर: स्कूबाबद्दल गैरसमज फार आहे. मेडिक्लेममधलं साहसी खेळांचं प्रमाणित अपवर्जन, म्हणजे खर्च न देण्याचं कलम (कोड ०९), व्यावसायिक सहभागासाठी आहे, हौशी पर्यटकासाठी नाही. प्रवास आणि अपघात विम्यात मात्र हौशी डायव्हिंगही वगळलेलं असू शकतं, ते कलम नीट वाचा.

आणि परतीच्या आदल्या दिवशी दुपारनंतर डाइव्ह नको. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास विमानात बसू नये. केबिनमध्ये हवेचा दाब कमी होतो, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

घोडबंदर_रोड: मग जहाजाने गेलो तर?

वाशी_सेक्टर१७: बाबांसाठी नको. जहाज बऱ्याचदा लगूनबाहेर (बेटाभोवतीच्या उथळ पाण्याबाहेर) थांबतं आणि हलत्या होडीत उतरावं लागतं. इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, औषधं परतीच्या तारखेपेक्षा आठवडाभर जास्तीची घ्या, हवामानाने विमान रद्द होतं. पोवळ्यावर अनवाणी चालू देऊ नका, मधुमेहात ती जखम चिघळते.

कोपरी_पूर्व: प्रवेश परमिट आधी काढा, त्याशिवाय बेटावर उतरता येत नाही. पोलीस दाखला मागितला तर तुमचा ठाणे आयुक्तालयातून, ऐरोली-वाशीकरांचा नवी मुंबईतून.