उतारवयात प्रभूची सेवा : तुम्ही काय करता? अनुभव लिहा

सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक काका खजिनदारपद सोडल्यावर म्हणाले, आता माझं काय काम उरलं? ऐकून फार वाईट वाटलं म्हणून हा धागा काढतेय. गुडघे, डोळे, कान साथ सोडतात हे खरंच, पण बायबलमधल्या कालेबाने यहोशवाकडे आपल्या वाट्याला डोंगराळ मुलूख मागितला तेव्हा तो ८५ वर्षांचा होता! इंदूर, महू, देवास कुठूनही लिहा. काय सुटलं, काय नवीन सुरू झालं, सगळं.

रिटायर नर्स, पलासिया
आधी आमचा ग्रुप वॉर्डात जाऊन पेशंटसाठी प्रार्थना करायचा, आता जिने चढवत नाहीत म्हणून मी एम.वाय. या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीपाशी बाकावर बसते. झाबुआ-धारकडून माणसं येतात, पर्ची कुठे बनते, एक्सरे कुठे, काही कळत नाही, बिचारी इकडून तिकडे फिरत राहतात. मी पर्चीच्या मागे रूम नंबर मोठ्या अक्षरात लिहून देते, रस्ता समजावते, पोरं बरोबर असली तर पिशवीतलं बिस्किट. प्रार्थना करू का असं आधी विचारते, नको म्हणाले तर बिलकुल नाही. हो म्हणाले की हात धरून दोन वाक्यं, बस, कारण लाईनीतला नंबर जायला नको. चाळीसेक वर्षं नर्स होते पण लोकांच्या शेजारी बसायला वेळ मिळाला तो आत्ता.

वडिलांबद्दल लिहितोय
बाबांना आता दिसत नाही. इथे उपासना हिंदीत, त्यामुळे मराठी गीतं घरातच उरलीत, आणि बाबांना 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी तोंडपाठ. संध्याकाळी नातवंडांना एकेक ओळ देतात, पोरं 'ळ'चा 'ल' करतात, की परत म्हणायला लावतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज सुरू केला तो १९१७ साली, म्हणजे जाण्याच्या दोनच वर्षं आधी, हे बाबा पोरांना दर वेळी सांगतात.

थोडं वेगळं मत
राग मानू नका, पण कमिटीची खुर्ची धरून बसणं म्हणजे सेवा नव्हे. बायबलमधल्या गणना पुस्तकाचा ८वा अध्याय वाचा, लेव्यांना, म्हणजे देवाच्या निवासमंडपात सेवा करणाऱ्या वंशातल्या पुरुषांना, ५० व्या वर्षी नेमाच्या कामातून मोकळं केलंय, पण भावांना मदत करत राहायचं असंही तिथेच आहे. मी संडे स्कूल एका तरुण मुलीला सोपवलं. ती माझ्यासारखं शिकवत नाही, आणि ते चांगलंच आहे. मी धडा तयार करायला मदत करतो, खडू-चित्रं आणून देतो, वर्गात जात नाही. खजिनदार काकांनाही सांगा, नवीन माणसाला हिशेबाची वही समजावायला तुमच्याशिवाय कोण आहे?

सूनबाईकडून टाईप करून घेतेय
मी पडून असते, पायांत ताकद नाही. लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना संदेष्टी ८४ वर्षांची, मंदिर सोडून जात नसे, मला तर मंदिरातच जाता येत नाही, मग खाटेवरून नावं घेऊन प्रार्थना करते. सकाळी आजारी माणसं, दुपारी परीक्षेची पोरं, रात्री ज्यांच्या घरात भांडणं आहेत ते. ज्यांना नाव द्यायचंय त्यांनी इथे खाली लिहा, नाव आणि काय त्रास एवढं पुरे, सूनबाई वाचून दाखवते. बरं वाटलं की तेही कळवा.