ओट्याला काळा ग्रॅनाईट का पांढरा क्वार्ट्ज? आन् ट्रॉल्यांना रंग कोणता? घरात भांडणं लागलेत

लातूरचा_पाव्हणा:
नमस्कार मंडळी. किचनचं काम काढलंय आन् आता पस्तावायलोय. घर वडलांनी २००९ ला बांधलेलं, ओटा तेव्हाचाच कडप्प्याचा, एल आकाराचा. किचन ८ बाय १०, खिडकी एकच, ती पण पश्चिमेला. सिंकच्या भवती कडप्पा पार पांढरा पडलाय, हात फिरवला तर खरबरीत लागतो. खाली लाकडी दारं होती ती फुगून लागंनात म्हणून एकाला तर सुतळी बांधून ठेवलीय, पाव्हणे आले की आई त्याच्यापुढं उभी राहती.

तर प्रश्न असा की बायको मोबाईलवर फोटो बघून बघून म्हणायलीय पांढरा क्वार्ट्ज आन् वाईन कलरच्या चकचकीत ट्रॉल्या. आई म्हणती काळाच दगड टाका, पांढऱ्यावर हळद सांडली की जन्मभर पिवळं बघत बसा. सुतार म्हणतो रंग कोणताबी घ्या पण सनमायका त्याच्याच वळखीच्या दुकानातून घ्या (का ते सगळ्यांना माहितीय). दुकानदार काळ्या ग्रॅनाईटला २०० च्या आतबाहेर सांगायलाय स्क्वेअर फुटाला आन् क्वार्ट्जला ५५०.

आमच्याकडं पाणी बोअरचं, लई जड. गिझरची कॉईल दर साली जाती, स्टीलच्या गुंड्यावर पांढरे थर बसतेत. भाकरी रोज, दोन्ही टायमाला, आन् आई गरम तवा उचलून सरळ ओट्यावरच टेकवती, तिला सांगून उपयोग नाही, मी सांगून बघितलंय. कुणी करून बघितलेलं असंल तर खरं खरं सांगा.

फरशीवाला_नांदेड:
भौ मी ११ वर्षं झाले फरशी-ग्रॅनाईटच्या धंद्यात आहे, त्यामुळं माल खपवायलाय असं वाटलं तर वाटू द्या, पण तुम्ही नांदेडला येणार नाहीत हे मला माहितीय.

पहिलं म्हणजे तुमचा कडप्पा निसता पाण्यानं पांढरा नाही झाला. कडप्पा, शहाबादी, तांदूर ह्या सगळ्या चुनखडीच्या फरश्या. लिंबू, चिंच, ताक, टमाटे, जे जे आंबट ते चुन्याला खातं. सिंकपाशी भांडी घासताना आंबट पडतंच, त्याच्यावर कुणी संडासात टाकायचं अ‍ॅसिड आणून ओटा घासला असंल तर संपलंच. खरबरीत लागतंय म्हणजे दगड खाल्ला गेलाय. ग्रॅनाईटला ती भीती नाही, लिंबू पडलं तर पुसून घ्या, काही होत नाही. संगमरवर मात्र कुणी फुकट दिला तरी ओट्याला घेऊ नका, तो बी चुन्याचाच भाऊ.

दुसरं, काळा काळा म्हणून सगळे मागतेत पण जेट ब्लॅक पॉलिश आन् बोअरचं पाणी ही जोडी वाईट. थेंब वाळला की गोल पांढरा डाग, आन् तो काळ्यावर जेवढा दिसतो तेवढा कशावरच दिसत नाही. आईचं हळदीचं खरंय, पण क्षाराचं कुणी बोलतच नाही. त्याच्यापेक्षा ठिपक्याचा दगड घ्या. स्टील ग्रे बघा, टॅन ब्राऊन बघा (करीमनगरकडचा, आपल्याला काय लांब नाही), गॅलक्सी पाहिजे तर ती आंध्रात ओंगोलच्या बाजूची, चमकती छान पण तिच्यात बी पार्श्वभूमी काळीच की.

आन् एक गंमत सांगतो. स्वस्तातला काळा बऱ्याचदा मूळचा करडा असतो, रंग मारून काळा केलेला. बायकोचं नेलपॉलिश काढायचं औषध पांढऱ्या फडक्यावर घ्या आन् दगडाच्या कोपऱ्यावर घासा. फडकं काळं झालं की दुकानातून गुपचूप उठा.

क्वार्ट्जबद्दल, तो खाणीतला अखंड दगड नाही, नव्वद टक्क्याच्या आसपास क्वार्ट्जची भुकटी आन् बाकी रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. डाग कमी पितो हे खरंय. पण रेझिनला १५० डिग्रीच्या वर झेपत नाही आन् भाकरीचा तवा २०० च्या पुढं आरामात जातो. तुमच्या आईची सवय बघता मी तर नको म्हणीन.

परभणीची_सूनबाई:
वरच्या दादांनी तव्याचं लिहिलंय ते वाचून हसायलेय नाहीतर रडायलेय समजंना. मी दोन वर्षाखाली हट्ट करून पांढरा क्वार्ट्ज बसवला, सासूबाई नको नको म्हणत होत्या. महिनाभर मी ओटा पुसण्याशिवाय दुसरं काही केलंच नाही. हळदीचं काय नाही हो, हळद लगेच पुसली तर निघती, राहिली तर सोड्यानं घासली की फिकी होती, येसरच्या आमटीचं तेल सांडलं ते पण निघालं. पण एक दिवस नणंद आली होती, तिनं हुरड्याच्या दिवसात ज्वारीच्या भाकरी टाकल्या आन् तवा गॅसशेजारी ठेवला. तपकिरी गोल डाग. आजतागायत आहे. त्याच्यावर मी तेलाची किटली ठेवते, कुणी उचलली की डाग दिसतो आन् मला नणंद आठवती.

पण एक सांगू का, तरी मला तो ओटा आवडतो. आधी आमचं किचन म्हणजे भुयार होतं, दुपारी पण लाईट लावावी लागायची. पांढऱ्यानं उजेड आला. त्यामुळं तुमच्या मिसेस उगं फोटो बघून बोलायल्यात असं समजू नका, पश्चिमेची एकच खिडकी म्हणल्यावर सकाळचा सगळा सैपाक त्यांना अंधारातच करावा लागत असंल. उजेड त्यांना पाहिजे, क्वार्ट्ज नाही. हे विचारून बघा त्यांना.

वाईन कलर मात्र नको. आमच्या खालच्या ट्रॉल्या वाईनच आहेत, अ‍ॅक्रेलिक, आरशासारख्या. ज्वारीचं पीठ उडतंच, गडद चकचकीतवर पांढरी रांगोळी. त्यात लेकराचे बोटाचे ठसे. आन् उन्हाळ्यात दार उघडं राहिलं की रानातली धूळ येती ती वेगळीच. रोज दोनदा पुसा, नाहीतर पाव्हण्यापुढं लाज.

बीडचा_आडमुठा:
तुम्ही सगळे वरवरचं बोलायलात. रंग गेला चुलीत. मला सांगा आत प्लाय कोणता टाकणार?

मी तीन वर्षामागं लई भारी आयव्हरी रंगाचं किचन केलं, मित्रांनी फोटो काढून नेले. आत होता एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), मला कुणी सांगितलं नाही आन् मी विचारलं नाही. सिंकचा पाईप कुठंतरी झिरपत होता, कळालं तेव्हा खालचा डबा पावासारखा फुगला होता. वरून सनमायका एकदम नवा. त्याच्यानंतर वाळवीनं उरलेलं खाल्लं.

आता सिंकखाली मी लाकूड ठेवलंच नाही, जुन्या पद्धतीनं कडप्प्याचे उभे कप्पे केलेत, सिमेंटात, आन् फक्त दारं लावली. बाकीच्या ठिकाणी बीडब्ल्यूपी प्लाय (उकळत्या पाण्यालाबी टिकणारा), शिटावर आयएस ७१० ह्या भारतीय मानकाचा शिक्का बघून, कापायच्या आधी बघून, कापल्यावर शिक्का कुठं जातो ते सुतारालाच माहीत. पैसे कमी पडले तर वरचे कपाट नंतर करा पण सिंकखाली कंजूषी करू नका. दारं काय, कोणत्याबी रंगाची लावा, दहा वर्षांनी सनमायका बदलता येतो, सांगाडा बदलता येत नाही.

(दगड जेट ब्लॅकच आहे माझा. डाग दिसतेत. मला फरक पडत नाही. बायकोला पडतो.)

लातूरचा_पाव्हणा:
धन्यवाद सगळ्यांना. सूनबाई तुमचं वाचून दाखवलं घरात, बायको म्हणली "हेच तर म्हणत होते मी", जरी ती तसं म्हणत नव्हती. पण खरंय, तिला उजेडच पाहिजे होता. आता असं विचारायचंय की दगड मध्यम रंगाचा घेतला तर ट्रॉल्यांना काय शोभंल, आन् टाईल कुठपर्यंत लावायची? आन् ओट्याची उंची? आई पाच फुटाला कमी, बायको साडेपाच.

इंटिरियरवाली_संभाजीनगर:
हे माझं रोजचं काम आहे त्यामुळे जरा लांब लिहिते.

रंग ठरवताना लोक शेड कार्ड दुकानात बघतात, तिथे पांढऱ्याशुभ्र लाईटचा झगझगाट असतो. तोच आयव्हरी तुमच्या घरात पिवळ्या बल्बखाली लोण्यासारखा दिसतो आणि ट्यूबखाली आजारी दिसतो. त्यामुळे तुकडा घरी आणा, उभा धरून बघा (दार उभं असतं, ओट्यावर आडवा ठेवून बघू नका), सकाळी एकदा, संध्याकाळी पश्चिमेचं ऊन आत येतं तेव्हा एकदा, रात्री एकदा. तुमच्या किचनला संध्याकाळचं लालसर ऊन येणार, त्यात बेज आणि क्रीम अजून पिवळे होतात, करडा छान निभावतो.

मी असं करेन. वरची कपाटं फिकी, ऑफ व्हाईट, म्हणजे भिंत आणि कपाट एक होऊन खोली मोठी वाटते. खालच्या ट्रॉल्या मध्यम राखाडी नाहीतर फिकट लाकडी, मॅट. फार गडद नाही कारण पीठ, फार फिकं नाही कारण पायाचे आणि फडक्याचे डाग. पण एकदम खरखरीत टेक्श्चरवाला सनमायका घेऊ नका, त्याच्या रेघांत तेलकट धूळ बसते आणि ती दात घासायच्या ब्रशशिवाय निघत नाही. बाहेरून १ मिलिमीटरचा घ्या, आतून पातळ चालतो. हँडल साधं पकडायचं घ्या, कणकेच्या हाताने ट्रॉली उघडताना बिनहँडलची फॅशन आठवते.

टाईल ओट्यापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंत पूर्ण, गॅसमागे चिमणीपर्यंत. टाईल मोठी घ्या म्हणजे सांधे कमी, आणि सांध्यात एपॉक्सी ग्राऊट भरायला सांगा, पांढरं सिमेंट नको. हळद टाईलवर बसत नाही, सांध्यात बसते. आणि वरच्या कपाटाखाली एलईडी पट्टी लावाच, नाहीतर बाई उभी राहते आणि तिचीच सावली विळीवर पडते.

उंचीचं म्हणाल तर हात कोपरात वाकवा, कोपरापासून जमिनीपर्यंत जेवढं भरेल त्यातून ४ इंच वजा. साधारण ३२ ते ३४ इंच येतं. रोज भाकरी कोण थापतं तिच्या मापाचा करा, दुसरीला जुळवून घेऊ दे. किंवा एलच्या छोट्या बाजूला २ इंच खाली घ्या, भाकरीला जोर लागतो, ओटा खालीच बरा.

फरशीवाला_नांदेड:
ताईंनी बरोबर सांगितलं. एक राहिलं, गॅस आन् सिंकची भोकं पाडताना समोरची पट्टी लई बारीक ठेवू नका, तिथंच तडा जातो. खाली कडप्प्याचा आधार द्या. आन् दगड १८-२० मिलिमीटरचा आहे का ते टेप लावून बघा, आजकाल पातळ माल लई आलाय. लादी निवडताना तिच्यावर पाणी मारून बघा म्हणजे खरा रंग दिसतो, आन् सगळ्या एकाच लॉटमधल्या घ्या.

औशाचे_गुरुजी:
सगळ्यांचं वाचलं. एकच सांगतो. वरची कपाटं भिंतीला नीट ठोकून घ्या, चार इंची भिंत असेल तर जड डबे वर भरू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या घरातलं मांडणीवरचं एकूण एक भांडं खाली आलं होतं, पितळेचे हंडे सुद्धा. नंतर कितीतरी दिवस पत्र्याच्या शेडात तीन विटांच्या चुलीवर सैपाक चालला, तेव्हा ओटा हा शब्द पण कुणी काढत नव्हतं. जड ते खाली, हलकं ते वर, एवढं पाळा.

लातूरचा_पाव्हणा:
अपडेट देतो. दुकानदाराकडून चार तुकडे मागून आणले, आधी नाही म्हणत होता, पैसे ठेवतो म्हणल्यावर दिले. रात्री चारही तुकड्यांवर बोअरचं पाणी, हळद-तेल, लिंबाची फोड आन् काळ्या मसाल्याचं कालवण ठेवून झोपलो. पोरगी म्हणली बाबा प्रयोगशाळा केली.

सकाळी जेट ब्लॅकवर पांढरी कडी. नेलपॉलिशच्या औषधानं फडकं काळं आलं, म्हणजे तो तुकडा रंगवलेलाच निघाला, आन् दुकानदार त्याचेच २०० सांगत होता. क्वार्ट्जवर हळदीची फिकी पिवळी छटा राहिली, ती सोड्यानं बरीच गेली, मग आईनं न विचारता भाकरीचा तवा त्याच्यावर ठेवला, वास आला, विषय संपला. स्टील ग्रेवर क्षार दिसायला तिरपं बघावं लागतं. बायकोनंच बोट ठेवलं त्याच्यावर.

वर ऑफ व्हाईट, खाली राखाडी मॅट, कपाटाखाली पट्टी लाईट. सिंकखाली बीडच्या भौचं ऐकून कडप्पा. एलची छोटी बाजू आईच्या मापानं ३० इंच.

आता नवीन भांडण असंय की जुना कडप्पा मिस्त्री फोडून टाकू म्हणायलाय आन् आई म्हणती एक तुकडा जरी फोडला तर बघा, मागं मोरीत धुण्याला लावायचा. सोमवारी मिस्त्री येणारंय. अख्खा कसा काढावा, कुणी काढलाय का?

बीडचा_आडमुठा:
सिंकच्या बाजूनं सुरू करा, तिथं सिमेंट आधीच भुसभुशीत झालेलं असतं. चार माणसं लावा. आन् आईला त्या दिवशी शेजारी पाठवा.