मदत हवी आहे : विंड टनेलमधील जेट इंजिनाच्या छोट्या प्रतिकृतीच्या मोजलेल्या थ्रस्टमधील (पुढे ढकलणाऱ्या बलातील) चूक कशी दुरुस्त करावी?

नमस्कार. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जेट इंजिनाच्या नॅसेलची (बाहेरच्या कवचाची) प्रतिकृती विंड टनेलमध्ये, म्हणजे कृत्रिम वारा सोडणाऱ्या बोगद्यात, तपासत आहेत. आमच्या टनेलमध्ये ज्वलन शक्य नसल्यामुळे नॅसेलच्या आत 70 मिमी व्यासाचा विजेवर चालणारा डक्टेड फॅन (नळीत बंदिस्त पंखा) बसवला आहे. नॅसेलचा बाहेरचा व्यास 90 मिमी, चाचणी कक्ष 300 मिमी चौरस आणि हवेचा वेग सेकंदाला 25 मीटर आहे.

मुख्य अडचण ब्लॉकेजची आहे. प्रतिकृती कक्षाच्या छेदाचा सुमारे 7 टक्के भाग अडवते. साधारणपणे 5 टक्क्यांच्या आत राहावे असे मानतात. फॅन बंद असताना मोजमापाला ब्लॉकेजची नेहमीची दुरुस्ती लावता येते. मात्र फॅन चालू झाला की मागे वेगवान झोत तयार होतो, भिंतींनी बंदिस्त कक्षात त्याच्या भोवतालची हवा मंदावते, आणि त्याच वेगाला मोकळ्या हवेत मिळाला असता त्याहून जास्त थ्रस्ट बॅलन्सवर (बल मोजणाऱ्या काट्यावर) दिसतो. प्रॉपेलरसाठी वायुगतिकीतज्ज्ञ ग्लाउर्ट यांची दुरुस्ती प्रसिद्ध आहे; पण डक्टमधल्या फॅनला ती लावताना क्षेत्रफळ फॅनच्या चकतीचे धरावे की नोझलच्या (झोत बाहेर पडतो त्या मागच्या टोकाच्या) तोंडाचे? फॅन सेकंदाला अंदाजे 0.2 किलो हवा घेतो, म्हणजे केवळ आत येणाऱ्या हवेच्या संवेगापोटी थ्रस्टमधून सुमारे 5 न्यूटन वजा होतात. त्यामुळे वेगातील लहान चूकही निकालात उतरते.

दुसरा प्रश्न रेनॉल्ड्स अंकाचा, म्हणजे वेग, आकार आणि हवेची चिकटता यांवरून प्रवाहाचे स्वरूप सांगणाऱ्या अंकाचा. व्यासावर तो जेमतेम दीड लाख येतो. खऱ्या इंजिनाच्या तुलनेत हा फारच कमी आहे, हे मान्य. नॅसेलच्या ओठावर (हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या गोलसर कडेवर) लोकरीचे धागे चिकटवून पाहिले. नॅसेल थोडे वर कलवून फॅन बंद ठेवला की वरच्या ओठाबाहेरचे धागे फडफडतात, काही उलटेही फिरतात. फॅन चालू करताच ते पृष्ठभागाला चिकटून सरळ होतात. इनटेकने (पुढच्या तोंडाने) किती हवा घेतली यावर प्रवाह पृष्ठभागापासून सुटणे अवलंबून आहे, हे यातून स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते आकाराच्या अचूकतेपेक्षा हे प्रमाण जुळवणे अधिक महत्त्वाचे आहे. तरीही सीमास्तर (पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर) लवकर प्रक्षुब्ध व्हावा म्हणून ओठावर खरखरीत पट्टी लावायची झाल्यास ती सर्वांत पुढच्या कडेपासून किती मागे असावी?

प्रतिकृती आणखी लहान केली तर ब्लॉकेज कमी होईल, पण रेनॉल्ड्स अंकही घसरेल आणि एवढा बारीक फॅन मिळणे कठीण आहे. ज्यांनी चालू फॅनसह अशी चाचणी केली आहे त्यांनी संदर्भ वेगाची पिटो नळी (दाबावरून हवेचा वेग मोजणारी नळी) कुठे बसवली होती, हेही कृपया सांगावे.