यामातोच्या तोफा: 42 किलोमीटरचा पल्ला खरा का नुसती हवा?

नारायणपेठी:
मंडळी, दुसऱ्या महायुद्धातल्या यामातो या जपानी युद्धनौकेचं 1:700 मॉडेल करतोय, तोफांच्या नळ्या एवढ्याशा की चिमट्यात धरताना नाकी नऊ येतात. नळीचा आतला व्यास बॉक्सवर लिहिलाय 46 सेंमी, अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या जुन्या पुस्तकात 40. नक्की किती? आणि पल्ला म्हणे 42 किमी, म्हणजे शनिवारवाड्यावरून उडवला तर सरळ रेषेत कामशेतला पडेल! मग एवढं असून या जहाजाने दिवे का लावले नाहीत?

कोथरूडचा बापू:
46च. अमेरिकेला सुगावा लागू नये म्हणून जपानी नौदलाने कागदोपत्री मुद्दाम 40 सेंमी लावलं होतं. गोळा 1460 किलोचा, तीन टरेट (तोफांचे फिरते बुरूज), प्रत्येकात तीन नळ्या, आणि एका टरेटचं वजन अडीच हजार टन, एखाद्या विनाशिकेएवढं. पल्ला खराय हो, पण तो नळी 45 अंशांवर नेली की, आणि तेवढ्या लांब गोळा पोचायला दीड मिनिटाच्या वर लागतं, तोवर 30 नॉट्सने पळणारं जहाज दीड किमी पुढे, शिवाय समोरचा कप्तान काय येडाय का सरळ जायला, पाणी उडालेलं दिसलं की वळतोच तो. पळत्या जहाजाला लांबून लागल्याची पक्की नोंद आहे ती 24 किमीच्या आसपासची, 1940 मधली, एक ब्रिटिश वॉरस्पाइटची न् एक जर्मन शार्नहॉर्स्टची.

भोसरीचा टर्नर:
लढाईचं तुम्ही बघा, मला नळीचं कौतुक. 21 मीटर लांब, वजन 160 टनांच्या वर! इथे तीन मीटरचा शाफ्ट लावला तरी मधे झोल येतो, स्टेडी (मधला आधार) लावून लावून जीव जातो. त्यांनी जर्मनीहून अवाढव्य लेथ आणलं होतं, ते आता जपानमधल्या कुरेच्या यामातो म्युझियममधे ठेवलंय. नळी एकसंध नव्हे, नळीवर नळी चढवलेली न् मधे तारेचे थर. यामातोची जुळी बहीण मुसाशी बांधली नागासाकीला आणि तोफा कुरेत, तर त्या न्यायला काशिनो नावाचं वेगळं जहाजच बांधलं, बोला!

लोहगावकर:
खरी गंमत वेगळीच आहे. जपानी मोठ्या तोफांच्या गोळ्याने सगळ्यात मोठी शिकार केली ती तोफेतून नाहीच. पर्ल हार्बरला ॲरिझोना ही अमेरिकन युद्धनौका उडाली ती नागातो या जपानी युद्धनौकेच्या 41 सेंमी गोळ्यापासून बनवलेल्या 800 किलोच्या बॉम्बने, विमानातून टाकलेल्या. तारीख 7 डिसेंबर 1941, आणि यामातो नौदलात दाखल झाली 16 डिसेंबरला. आली तेव्हाच मोठ्या तोफांचा खेळ संपला होता की. शत्रूच्या जहाजांवर तोफा डागल्या त्या एकदाच, 25 ऑक्टोबर 1944, फिलिपिन्सच्या समार बेटाजवळ, तेही छोट्या विमानवाहूंवर, त्यात धूर न् पाऊस, मग टॉर्पेडो चुकवता चुकवता स्वारी उलट्याच दिशेला. मुसाशी आदल्याच दिवशी बुडालेली, यामातो 7 एप्रिल 1945 ला. दोन्ही विमानांनीच बुडवल्या.

नारायणपेठी:
लोहगावकर, ॲरिझोनाचं माहीतच नव्हतं, भारीच. बापू, आता एवढं सांगा, नळ्या किती अंशांत चिकटवू? सगळ्या सारख्या ठेवल्या की फार बाळबोध दिसतंय.

कोथरूडचा बापू:
मग वेगवेगळ्या ठेवा की, प्रत्येक नळी स्वतंत्र उचलता यायची. गोळा भरताना मात्र 3 अंशांवर आणावी लागे. पुढच्या टरेटची मधली जवळजवळ आडवी ठेवा न् बाजूच्या दोन वर, जाणकार असेल त्याला लगेच कळेल मधलीत गोळा भरतायत. आणि सुपरग्लू नको, पांढरट डाग पडतो.