वर्तन, वर्तणूक की वागणूक?

प्रश्न: नाशिकला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र शिकवते. व्याख्येत 'वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास' असं आहे. मुलं उत्तरपत्रिकेत 'वर्तणुकीचा' लिहितात, काही जण 'वागणुकीचा'. चूक धरावी का?

– माझ्या मते धरावी, आणि का ते वर्गात सांगावं. वर्तणूक हा शब्द मुलांना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भेटलेला असतो. त्या रकान्यात पुढे 'चांगली' लिहिलेलं असतं. म्हणजे कुणीतरी निवाडा केलेला आहे. वागणूक तर दुसऱ्याशिवाय होतच नाही. ती दिली जाते, मिळते; सापत्न वागणूक म्हणतो तशी. 'सापत्न वर्तन दिलं' असं कुणी म्हणणार नाही. एकटा बसलेला माणूस पापण्या मिटतो, दचकतो, नखं खातो. ही त्याची वागणूक नव्हे, पण वर्तन नक्कीच. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्याला सुटलेली लाळसुद्धा वर्तनच. 1913 मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसननं आग्रह धरला की मानसशास्त्रानं बाहेरून पाहता येईल तेवढंच अभ्यासावं. त्या विचाराला आपण वर्तनवाद म्हणतो. तिथे 'वर्तणूकवाद' घालून पाहा, शिस्तीची चळवळ वाटेल. प्रात्यक्षिकात दिवा लागल्यावर प्रयुक्तानं, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चालू आहे त्यानं, किती वेळात बटण दाबलं एवढंच आपण नोंदवतो. उशीर झाला म्हणून तो वाईट ठरत नाही. ही नजर मुलांना पहिल्याच वर्षी यायला हवी, नाहीतर हा विषय म्हणजे चांगलं वागायचे धडे अशी समजूत पक्की होते.

– पण गैरवर्तन, सद्वर्तन हे शब्द आहेतच की. मग वर्तन तरी तटस्थ कसं?

– तिथे निवाडा गैर आणि सत् करतात. ते काढले की उरतो तो शब्द कुणाची बाजू घेत नाही. वर्तणुकीचं तसं नाही. 'त्याच्या वर्तणुकीबद्दल बोलायचंय' म्हटलं की पालकांच्या पोटात गोळा येतो.

– मूळ धातू वृत्: फिरणे, असणे, घडणे. गंगापूर धरणातून कालव्याला सुटतं ते आवर्तनही त्यातलंच.

– पटलं. व्याख्येत वर्तनच हवं, मात्र आशय बरोबर असेल तर अर्ध्या गुणापेक्षा जास्त कापणार नाही. आणखी एक: बी.ए. झालेल्याला मानसशास्त्रज्ञ म्हणावं का? पालक तर थेट मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात.

– दोन्ही नको. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर: एम.बी.बी.एस. आणि मग त्याच शाखेचं पदव्युत्तर शिक्षण. राज्यातली ती पदवी साधारणपणे आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. औषधं तोच लिहितो. मानसशास्त्रज्ञ म्हणवून घ्यायला किमान एम.ए. तरी हवं, आणि रुग्णांसोबत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही. तुमची मुलं तूर्त मानसशास्त्राचे पदवीधर.