मदत हवी आहे: जुन्या घराचं वायरिंग, नळाला करंट येतोय

नमस्कार मंडळी, गावाकडचं आमचं घर जुनं आहे, लाकडी पट्टीवरचं वायरिंग आणि चिनीमातीचे किटकॅट फ्यूज अजून तसेच आहेत. गिझर चालू असताना आईला नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर नळावरसुद्धा मिणमिणतो, म्हणून गिझर सध्या बंदच ठेवलाय. वायरमन म्हणतो ३० मिलीअँपची आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) बसवली की झालं, पण घराला अर्थिंगच नाहीये, बरेचसे सॉकेट टू पिन, मग आधी अर्थिंगचा खड्डा करायला हवा ना? जुन्या वायरिंगवर आरसीसीबी सारखी ट्रिप होते का, कोणी बसवलीये का? गिझरपुरती ४ स्क्वेअर एमएमच्या जाड वायरची वेगळी लाईन ओढून भागेल की सगळंच बदलावं? आई तिथे एकटी असते, फार काळजी वाटते, प्लीज अनुभव सांगा.